बटणाखाली लपणारा बॅज: अँड्रॉइडमध्ये कोणता व्ह्यू वर येतो आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रेमलेआउटमध्ये, म्हणजे घटक एकमेकांवर ठेवू देणाऱ्या चौकटीत, ‘कार्ट पाहा’ असं एक बटण आहे. त्याच्या उजव्या कोपऱ्यावर किती वस्तू घेतल्या ते दाखवणारा छोटा गोल बॅज आहे, म्हणजे साधा टेक्स्टव्ह्यू (पडद्यावरचा प्रत्येक घटक म्हणजे व्ह्यू, हा मजकूर दाखवणारा). एक्सएमएलमध्ये, म्हणजे लेआउट फाइलमध्ये, बॅज बटणाच्या नंतर लिहिलाय, तरी तो बटणाच्या मागे जातो. ब्रिंगटूफ्रंट (व्ह्यू पुढे आणणारं फंक्शन) करून पाहिलं, बटणाचं एलिव्हेशन (व्ह्यूची उंची) ० करून पाहिलं, फरक शून्य. बॅजला २ डीपी (अँड्रॉइडचं मापाचं एकक) एलिव्हेशन दिलं तर तो दिसतो, पण बटणावर बोट ठेवलं की गायब आणि बोट उचललं की परत हजर. बटण डिसेबल्ड असतं तेव्हा मात्र काहीही न करता सगळं व्यवस्थित दिसतं.

ही शेवटची गोष्ट तुम्ही आवर्जून लिहिलीत हे फार बरं केलंत, कारण दुखणं नेमकं तिथेच सापडतं. चालू बटण आणि डिसेबल्ड बटण यांच्यात रंगाखेरीज आणखी एक फरक असतो, आणि तो तुमच्या लेआउट फाइलमध्ये कुठेच लिहिलेला नसतो.

आधी मूळ नियम बघू. कुठलाही व्ह्यूग्रुप, म्हणजे इतर व्ह्यू पोटात घेणारा पेरेंट, आपल्या चाइल्ड व्ह्यूंना यादीतल्या क्रमाने रंगवतो. पहिला आधी, शेवटचा शेवटी. जो नंतर रंगवला जातो तो आधीच्याला झाकतो. फ्रेमलेआउट, रिलेटिव्हलेआउट, कन्स्ट्रेंटलेआउट, सगळीकडे हेच. कन्स्ट्रेंटलेआउटमध्ये कुणाला कुणाशी बांधलंय याचा या क्रमाशी काडीचाही संबंध नाही. फाइलमध्ये जो खाली, तो पडद्यावर वर. अँड्रॉइड ४.४ पर्यंत गोष्ट एवढीच होती, म्हणून शोधल्यावर सापडणारी कितीतरी जुनी उत्तरं ‘बॅज खाली लिहा’ म्हणून थांबतात. ती लिहिली तेव्हा बरोबरच होती.

२०१४ मध्ये अँड्रॉइड ५.०, म्हणजे एपीआय २१ आलं आणि प्रत्येक व्ह्यूला झेड अक्षावर, म्हणजे पडद्यातून बाहेर येणाऱ्या दिशेत, एक उंची मिळाली. ही उंची दोन आकड्यांची बेरीज असते: एलिव्हेशन अधिक ट्रान्सलेशनझेड. एलिव्हेशन ही व्ह्यूची कायमची उंची आणि ट्रान्सलेशनझेड ही ॲनिमेशनसाठी तात्पुरती वर-खाली होणारी भर. पेरेंट आता चाइल्ड रंगवताना आधी झेड बघतो, ज्याचा जास्त तो वर. झेड सारखा असेल तेव्हाच यादीतला क्रम विचारात येतो. म्हणजे फाइलमधला क्रम आजही लागू आहे, पण बरोबरी झाली तरच.

आता तुमचं बटण. मटेरियल थीममध्ये साध्या बटणाला एक स्टेटलिस्टॲनिमेटर, म्हणजे स्थितीनुसार उंची बदलणारा घटक, चिकटलेला असतो. बटण चालू असलं की तो एलिव्हेशन २ डीपी करतो. दाबलं की त्यात ४ डीपी ट्रान्सलेशनझेडची भर घालतो, म्हणजे एकूण ६. बटण डिसेबल्ड असेल तर दोन्ही शून्य. हे तीन आकडे समोर ठेवा आणि तुमच्या प्रत्येक प्रयत्नाचं काय झालं ते बघा.

काहीच केलं नव्हतं तेव्हा बॅज ० आणि बटण २, म्हणून बटण वर. ब्रिंगटूफ्रंट फक्त व्ह्यूला पेरेंटच्या यादीत शेवटी नेतं. तुमचा बॅज आधीच शेवटी होता, आणि नसता तरी झेडपुढे यादीचं काही चालत नाही. बटणाला एलिव्हेशन ० दिलंत, पण बटण चालू स्थितीत आलं की ॲनिमेटरने ते परत २ केलं. तुमचा आकडा लिहिला गेला आणि लगेच पुसला गेला. बॅजला २ दिल्यावर २ विरुद्ध २ अशी बरोबरी झाली, यादीत बॅज नंतर असल्याने तो जिंकला. बोट टेकल्यावर बटण ६ वर गेलं आणि बॅज त्याच्याखाली गेला. डिसेबल्ड असताना ० विरुद्ध ०, पुन्हा यादीचा क्रम, पुन्हा बॅज वर. सगळी कोडी एकाच जागी सुटतात.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही चालतात, पण मला ते सारखे वाटत नाहीत.

पहिला, बटणाचा स्टेटलिस्टॲनिमेटर ‘नल’ करणे. एका ओळीचं काम. बटण सपाट होतं, दाबल्यावर वर येणं बंद होतं, सावली जाते. तुमच्या ॲपचं डिझाइन मुळातच सपाट असेल तर हाच करा आणि विषय संपवा.

दुसरा, बॅजला ६ पेक्षा मोठं एलिव्हेशन देणे, समजा ८ डीपी. बहुतेक ठिकाणी हेच सुचवलेलं दिसतं. चालतं, पण दोन गोष्टींचं भान ठेवा. एक, त्या गोल बॅजला आता स्वतःची सावली पडेल. नको असेल तर आउटलाइनप्रोव्हायडर (सावलीचा आकार ठरवणारी सेटिंग) ‘नन’ ठेवा. सावली जाते, उंची राहते. दोन, तुमचं ८ हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेल्या ६ वर अवलंबून आहे. उद्या थीम बदलली, साध्या बटणाच्या जागी मटेरियल लायब्ररीचं बटण आलं, की तिथले आकडे वेगळे असतात. मग कुणीतरी ८ चे १२ करतं, कुणीतरी २०. असे प्रोजेक्ट मी पुष्कळ पाहिलेत, जिथे एलिव्हेशन १०० आणि ९९९ पर्यंत चढलेलं असतं आणि कुठला आकडा कुणाला हरवण्यासाठी लिहिला होता हे टीममध्ये कुणालाच सांगता येत नाही. वेबवरून मोबाइलकडे आलेल्या मंडळींना झेडइंडेक्स (कोण वर हे ठरवणारा आकडा) ९९९९ ची सवय असते, ती इथे जास्त महागात पडते, कारण इथे त्या आकड्याबरोबर सावलीही येते. १०० डीपीच्या उंचीची सावली पडद्याच्या मोठ्या भागावर फिकट डागासारखी पसरते आणि मग ‘बॅकग्राउंड मळकट का दिसतंय’ असा वेगळाच बग नोंदवला जातो.

तिसरा उपाय माझ्या पसंतीचा. बटण एका छोट्या फ्रेमलेआउटमध्ये गुंडाळा आणि बॅज त्या फ्रेमलेआउटचा शेजारी ठेवा, त्याच्या नंतर. आता बटण दाबल्यावर ६ वर जाऊ दे नाहीतर ६० वर, त्याची उंची त्या आतल्या चौकटीपुरतीच मोजली जाते. चौकटीची स्वतःची उंची ०, बॅजची ०, आणि बॅज यादीत नंतर. आकडा एकही लिहावा लागत नाही. सावली चौकटीच्या कडेला कापली जातेय असं वाटलं तर चौकटीला थोडं पॅडिंग द्या आणि तिचं क्लिपटूपॅडिंग (पॅडिंगच्या जागेत आलेला भाग कापणारी सेटिंग) बंद करा.

हा तिसरा उपाय का चालतो हे नीट कळलं तर या विषयातले निम्म्याहून जास्त प्रश्न पुन्हा पडणार नाहीत. झेडची तुलना फक्त एकाच पेरेंटच्या चाइल्डमध्ये, सख्ख्या भावंडांमध्ये होते. अख्ख्या पडद्याचा मिळून एक झेड अक्ष नसतो. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तुम्ही पेटी कपाटावर ठेवली म्हणून ती तिसऱ्या मजल्यावरच्या सतरंजीच्या वर जात नाही, तसंच हे. एका कार्डच्या आत असलेल्या आयकॉनला शेजारच्या कार्डवर आणायचं असेल तर आयकॉनचं एलिव्हेशन वाढवून काहीच होणार नाही. दोघांचा जिथे समान पूर्वज आहे तिथपर्यंत वर चढा, आणि त्या पूर्वजाच्या थेट मुलांमध्ये काय क्रम आहे ते बघा. भांडण तिथे सुटतं. म्हणून एखादा व्ह्यू वर येत नाही अशी तक्रार आली की मी आकडा बघतच नाही. आधी विचारतो, हे दोघे कुणाची मुलं?

बॅज बटणाच्या कोपऱ्याबाहेर थोडा डोकावत असेल आणि तो तिथे कापला जात असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे, पण लोक त्यालाही झेडचाच समजतात. इथे क्लिपचिल्ड्रन (चाइल्डला त्याच्या सीमेत कापायचं का हे ठरवणारी सेटिंग) लागतो, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या पायरीवर लावला जातो. एखादा व्ह्यू स्वतःच्या चौकटीत कापायचा की नाही हे त्याचा पेरेंट ठरवतो. बॅज आपल्या फ्रेमलेआउटच्या सीमेबाहेर जात असेल तर कापणारी सीमा फ्रेमलेआउटची आहे, आणि ती उठवायची परवानगी फ्रेमलेआउटच्या पेरेंटकडे, म्हणजे बॅजच्या आजोबांकडे आहे. क्लिपचिल्ड्रन ‘फॉल्स’ तिथे लिहायचा. फ्रेमलेआउटवर लिहून ‘चालत नाही’ म्हणणारे खूप भेटतात. आणि लक्षात ठेवा, बाहेर डोकावणारा भाग दिसतो, पण पेरेंटच्या सीमेबाहेर पडलेला स्पर्श त्या पेरेंटपर्यंत पोहोचतच नाही. बॅज नुसता दाखवायचा असेल तर हरकत नाही. तिथे बंद करण्याची फुली ठेवली असेल तर अर्धी फुली दाबता येईल, अर्धी नाही.

स्पर्शाचं बोलायला घेतलंच आहे तर थोडं थांबू, कारण क्रम चुकल्याची खरी किंमत इथे मोजावी लागते. अँड्रॉइडमध्ये स्पर्श वाटतानाही पेरेंट हाच झेडचा क्रम उलटा वापरतो: सगळ्यात वर दिसणाऱ्याला आधी विचारतो, त्याने घेतला नाही तर त्याच्या खालच्याला. नुसता टेक्स्टव्ह्यू क्लिकेबल नसतो, म्हणून तुमच्या बॅजवर बोट पडलं तरी स्पर्श खाली बटणाला मिळतो. हवं तेच होतं. पण त्या बॅजला कधीतरी कुणी क्लिकलिसनर (दाबल्यावर चालणारा कोड) लावला की तो क्लिकेबल होतो आणि स्पर्श गिळायला लागतो. गंमत अशी की लिसनर काढायला ‘नल’ दिलं तरी सेटऑनक्लिकलिसनर आत क्लिकेबल चालू करूनच जातो. तो हाताने बंद करावा लागतो.

उलटं उदाहरण जास्त धोक्याचं. पैसे भरण्याच्या पडद्यावर ‘थांबा’ म्हणणारा अर्धपारदर्शक पडदा आणि त्यावर फिरणारं चक्र. तो सगळ्यात वर रंगवला आहे, डोळ्यांना खालचं सगळं बंद वाटतं, पण तो पडदा क्लिकेबल नसेल तर स्पर्श त्यातून आरपार जातो आणि ‘पैसे भरा’ दुसऱ्यांदा दाबलं जातं. अशा पडद्याला क्लिकेबल करणं विसरू नका. आणि तो लपवताना नुसता अल्फा (अपारदर्शकता) ० वर नेऊन सोडू नका. अल्फा ० चा व्ह्यू दिसत नाही पण जागेवर असतो आणि स्पर्श खात राहतो. ॲप गोठलंय अशी तक्रार येते आणि लॉगमध्ये काहीच सापडत नाही. ॲनिमेशन संपलं की त्याची व्हिजिबिलिटी ‘गॉन’ करा.

ब्रिंगटूफ्रंटबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ते दिसायला निरुपद्रवी आहे, पण ते रंगवण्याचा क्रम बदलत नाही, चाइल्डची यादीच बदलतं. फ्रेमलेआउटमध्ये यादी बदलली तरी जागा बदलत नाही, म्हणून चालून जातं. लिनियरलेआउटमध्ये यादी म्हणजेच मांडणी, तिथे ब्रिंगटूफ्रंट केलेला व्ह्यू उडी मारून शेवटी जाऊन बसतो. फोकसचा आणि टॉकबॅकने (पडदा वाचून दाखवणाऱ्या सुविधेने) वाचण्याचा क्रमही हलू शकतो. नुसता रंगवण्याचा क्रम बदलायचा असेल आणि सावली नको असेल, तर स्वतःचा व्ह्यूग्रुप लिहून चिल्ड्रनड्रॉइंगऑर्डर चालू करा आणि गेटचाइल्डड्रॉइंगऑर्डरमध्ये हवा तो क्रम परत द्या. मधलं कार्ड मोठं आणि दोन्ही बाजूंची कार्डं त्याच्या मागे सरकलेली, असा कॅरोसेल करायचा असेल तर ही पद्धत फार स्वच्छ आहे. लांब याद्या दाखवणाऱ्या रिसायकलरव्ह्यूमध्ये यासाठी वेगळा कॉलबॅक दिलेला आहे, क्लास वाढवावा लागत नाही. फक्त हे माहीत असू द्या की इथेही झेड वरचढ आहे. एखाद्या चाइल्डचं एलिव्हेशन बाकीच्यांपेक्षा जास्त असेल तर तुम्ही दिलेला क्रम त्याला लागू होत नाही. यादीत ओढून वर-खाली करण्यासाठी जो आयटमटचहेल्पर आपण वापरतो, तो आतून हेच करतो: ओढल्या जाणाऱ्या ओळीला बाकीच्या सगळ्या ओळींच्या सर्वांत मोठ्या एलिव्हेशनपेक्षा १ ने वर नेतो. तुमच्या कार्डांची एलिव्हेशन मध्येच बदलत असतील तर ओढताना होणाऱ्या लपाछपीचं कारण तिथे शोधा.

सावलीचा आणि क्रमाचा असा एकत्र संसार अँड्रॉइडच्या जुन्या व्ह्यू पद्धतीतच आहे. जेटपॅक कंपोजमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या नव्या यूआय पद्धतीत, तो मोडलाय, आणि मला ते फार योग्य वाटतं. तिथे शॅडो मॉडिफायरला कितीही एलिव्हेशन द्या, सावली मोठी होईल, रंगवण्याचा क्रम तसाच राहील. क्रमासाठी झेडइंडेक्स हा वेगळा मॉडिफायर आहे. मूळ किंमत ०, अपूर्णांक चालतो, बरोबरी झाली तर जो आधी मांडला तो खाली. एकाच घटकावर दोनदा झेडइंडेक्स लावला तर शेवटचा लागू होत नाही, दोन्हींची बेरीज होते. बाहेरून मॉडिफायर घेणारा घटक लिहिताना आत स्वतःचा झेडइंडेक्स ठेवला असेल तर ही बेरीज अनपेक्षित ठिकाणी सापडते. भावंडांचा नियम मात्र इथेही तोच. रोच्या (आडव्या ओळीच्या) आतल्या चित्राला झेडइंडेक्स देऊन ते दुसऱ्या रोच्या वर येणार नाही. झेडइंडेक्स त्या अख्ख्या रोला द्यावा लागेल. तुमचा पडदा कंपोजमध्ये असता तर बॅजसाठी बॅज्डबॉक्स तयारच मिळाला असता.

आतापर्यंतचं सगळं एका खिडकीच्या आतलं झालं. पुढची पायरी अशी की डायलॉग, पॉपअपविंडो, स्पिनरची उघडणारी यादी, टोस्ट, या वेगळ्या खिडक्या असतात. त्यांचा आपसातला क्रम विंडोमॅनेजर ठरवतो आणि तुमच्या ॲक्टिव्हिटीतलं कुठलंही एलिव्हेशन तिथे पोहोचत नाही. नेहमीचं उदाहरण म्हणजे बॉटमशीट डायलॉग (खालून वर येणारा डायलॉग) उघडा असताना दाखवलेला स्नॅकबार, म्हणजे तळाशी क्षणभर येणारी सूचनेची पट्टी. तो शीटच्या मागे येतो, मग लोक स्नॅकबारचं एलिव्हेशन वाढवत बसतात. स्नॅकबारला तुम्ही जो व्ह्यू देता तिथून तो वर चढत जाऊन आपला पेरेंट शोधतो. व्ह्यू ॲक्टिव्हिटीचा दिलात तर तो ॲक्टिव्हिटीच्या खिडकीतच बसणार. शीटच्या आतला एखादा व्ह्यू द्या, प्रश्न मिटला.

दुसरा अपवाद सरफेसव्ह्यू. व्हिडिओ, कॅमेरा, नकाशा अशा ठिकाणी तो असतो. त्याचं चित्र तुमच्या व्ह्यूंबरोबर रंगवलंच जात नाही. त्याची वेगळी सरफेस तुमच्या खिडकीच्या मागे असते आणि तुमच्या खिडकीत तेवढ्या जागेला भोक पाडलेलं असतं. म्हणून त्याच्यावर ठेवलेली बटणं नीट दिसतात, पण दोन सरफेसव्ह्यू एकमेकांवर आले की गोंधळ होतो. व्हिडिओ कॉलमध्ये मोठ्या चित्रावर स्वतःचं छोटं चित्र हवं असेल तर छोट्याला सेटझेडऑर्डरमीडियाओव्हरले द्या, आणि त्याची खिडकी जोडली जाण्याआधी द्या. सेटझेडऑर्डरऑनटॉप हे नाव मोहात पाडतं, पण ते सरफेसला तुमच्या पूर्ण खिडकीच्या वर नेतं, मग म्यूटचं बटणही त्याच्याखाली जातं. क्रमाचा सारखा त्रास होत असेल तर टेक्स्चरव्ह्यू साध्या व्ह्यूसारखा वागतो, मात्र त्याचा खर्च जास्त आहे. लांब व्हिडिओसाठी मी तो टाळतो.

प्रश्नात शेवटी तुम्ही विचारलंय की हेच ॲप पुढे आयफोनवर न्यायचंय, तिथे काय. ॲपलच्या यूआयकिटमध्ये सबव्ह्यूजची (आतल्या व्ह्यूंची) यादी हाच क्रम, शेवटचा सगळ्यात वर, आणि ब्रिंगसबव्ह्यूटूफ्रंट, इन्सर्टसबव्ह्यू अबव्ह किंवा बिलो अशी त्याची साधनं. ती वापरा. लेयरचा झेडपोझिशन वापरण्याआधी दोनदा विचार करा. त्याने चित्र वर येतं, पण स्पर्श कुणाला द्यायचा हे यूआयव्ह्यू सबव्ह्यूजच्या यादीवरूनच ठरवतो. परिणामी वर दिसणाऱ्या बटणावर बोट ठेवलं तरी स्पर्श खालच्याला जातो. अँड्रॉइडवर झेड वाढवला की स्पर्शही बरोबर येतो, म्हणून अँड्रॉइडवाले इथे हमखास अडखळतात. यूआयस्टॅकव्ह्यूमध्ये तर दोन याद्या आहेत. अरेंज्डसबव्ह्यूज मांडणी ठरवते आणि सबव्ह्यूज वर-खाली क्रम ठरवते. दोन्ही स्वतंत्र, त्यामुळे लिनियरलेआउटमध्ये होणारी उडी इथे होत नाही. ही रचना मला मनापासून आवडते. ॲपलच्याच नव्या स्विफ्टयूआयमध्ये झेडस्टॅक आणि झेडइंडेक्स आहेत. तिथे एखादा घटक काढून टाकताना त्याचं जाण्याचं ॲनिमेशन दिसत नसेल, घटक चटकन नाहीसा होत असेल, तर त्याला आधीपासूनच ठरावीक झेडइंडेक्स देऊन बघा. बहुतेकदा तो जाता जाता मागे सरकलेला असतो.

एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप करण्यासाठी रिॲक्ट नेटिव्ह घेणार असाल तर एकच सांगतो. अँड्रॉइडवर झेडइंडेक्स आणि एलिव्हेशन दोन्ही लागू होतात आणि एलिव्हेशन जिंकतं. झेडइंडेक्स १० असलेला व्ह्यू एलिव्हेशन ४ असलेल्या कार्डखाली गेला तर कारण वर आलंच आहे: झेडइंडेक्स हा रंगवण्याचा दिलेला क्रम आहे आणि एलिव्हेशन म्हणजे प्रत्यक्ष झेड. आयफोनवर तोच कोड बरोबर दिसतो, म्हणून बग उशिरा सापडतो. तशाच फ्लटरमध्ये आकडाच नाही. स्टॅकमधला क्रम हाच क्रम, मटेरियलचं एलिव्हेशन फक्त सावलीपुरतं, आणि सगळ्यांच्या वर काही हवं असेल तर ओव्हरलेएंट्री.

आता तुमच्या पडद्याकडे परत. बदल करण्याआधी अँड्रॉइड स्टुडिओत लेआउट इन्स्पेक्टर उघडा आणि चालू ॲपला जोडा. झाडात बॅज आणि बटण कुणाच्या खाली आहेत ते बघा, मग बटण निवडून त्याचं एलिव्हेशन वाचा. तुम्ही एक्सएमएलमध्ये ० लिहिलेलं असताना तिथे २ दिसेल, आणि तेवढ्यावरून वर लिहिलेलं सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पटेल. इन्स्पेक्टरमध्ये थर तिरपे करून बघता येतात, त्याचाही उपयोग करा. थर वाढत चाललेत असं वाटलं तर फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समधलं जीपीयू ओव्हरड्रॉ चालू करा. जिथे लाल दिसेल तिथे एकच ठिपका चार किंवा जास्त वेळा जादा रंगवला जातोय. चौकटी गुंडाळून क्रम सोडवताना प्रत्येक चौकटीला पांढरं बॅकग्राउंड देऊन ठेवण्याची सवय असते, तो लाल रंग बहुधा तिथून येतो. नुसत्या गुंडाळणाऱ्या फ्रेमलेआउटला बॅकग्राउंड देऊ नका.

मटेरियल लायब्ररी आधीच वापरात असेल तर हाताने टेक्स्टव्ह्यू ठेवण्याऐवजी बॅजड्रॉएबल हा पर्यायही आहे. तो बटणाच्या स्वतःच्या ओव्हरलेमध्ये रंगवला जातो, म्हणजे भावंडांच्या स्पर्धेत उतरतच नाही. बटण ६ वर गेलं की बॅज त्याच्याबरोबर वर जातो. तो बटणाची मोजमापं ठरल्यावरच जोडा, आणि कोपऱ्याबाहेर डोकावणार असेल तर या वेळी क्लिपचिल्ड्रन बटणाच्या थेट पेरेंटवर बंद करा, कारण आता सीमा बटणाची आहे. त्याची जोडणी करणारं एपीआय प्रायोगिक म्हणून नोंदलेलं आहे, त्यामुळे लायब्ररीची आवृत्ती बदलताना तेवढं तपासून घ्या.

टेक्स्टव्ह्यूच ठेवलात तर आणखी एक काम बाकी राहतं. टॉकबॅक लावून फिरणाऱ्या माणसाला आधी ‘कार्ट पाहा, बटण’ ऐकू येईल आणि मग संदर्भाशिवाय नुसतं ‘तीन’. बॅजला इम्पॉर्टंटफॉरॲक्सेसिबिलिटी ‘नो’ करा आणि बटणाच्या कंटेंटडिस्क्रिप्शनमध्ये ‘कार्ट पाहा, ३ वस्तू’ असं लिहा. आकडा बदलेल तेव्हा हे दोन्ही एकाच फंक्शनमधून बदला, म्हणजे एक बदललं आणि दुसरं राहिलं असं होणार नाही.